मांसधातूतील मंदगती व शीघ्रगती तंतू : मांसक्षयाच्या रुग्णाचे परीक्षण करताना

आषाढी वारीनंतरच्या आठवड्यात आमच्या चिकित्सालयात पाय सुजलेले, तळव्यांना फोड आलेले वारकरी बरेच येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सत्तरीच्या गृहस्थांनी निराळी तक्रार सांगितली. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर ते पायी चालून आले होते आणि त्यांना विशेष श्रमही जाणवले नव्हते. परंतु वाटेत पंगतीला बसल्यावर जेवण आटोपून उठताना दर वेळी शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागे. ‘‘चालायला सांगा, कितीही चालतो. पण खाली बसलो की उठवत नाही,’’ असे त्यांचे शब्द होते. गुडघ्यांत सूज नव्हती, उष्णता नव्हती, वेदनाही बेताचीच. आम्ही बल्य औषध लिहून दिले आणि ‘रोज चालण्याचा परिपाठ ठेवा’ असे सांगून त्यांना निरोप दिला.

तो सल्ला निरर्थक होता, हे आम्हांस पुढे कळले. जे कार्य त्यांचे शरीर उत्तम रीतीने करीत होते, तेच आणखी करण्यास आम्ही सांगितले होते. जे बिघडले होते त्यास आम्ही हातही लावला नाही. चालणे आणि उठणे ही दोन्ही कर्मे त्याच मांडीच्या, त्याच मांसपेशींची. मग एक शाबूत आणि दुसरे नष्ट, असे कसे घडते? याचे उत्तर मांसपेशीच्या सूक्ष्म रचनेत आहे आणि मांसक्षयाच्या चिकित्सेशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून हा विषय वाचक वैद्यांपुढे व औषधालय चालविणाऱ्या बंधूंपुढे मांडीत आहोत.

प्रथम शब्दांविषयी

या विषयात आपल्या भाषेने दोन खड्डे खणून ठेवले आहेत. आजच्या मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस. सुश्रुताचार्यांच्या परिभाषेत मात्र स्नायू म्हणजे बांधून ठेवणारी रचना. त्यांनी स्नायू नऊशे सांगितले, प्रतानवती, वृत्त, पृथु व सुषिर असे त्यांचे प्रकार केले आणि पाचशे पेशी स्वतंत्रपणे मोजल्या. दुसरा घोटाळा याच ‘पेशी’ शब्दाचा. शालेय विज्ञानात पेशी म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक, तर शारीरस्थानात पेशी म्हणजे मांसाचा विभागलेला खंड. प्रस्तुत लेखात ‘मांसपेशी’ हा शब्द सुश्रुतोक्त अर्थाने योजला आहे. तिच्या आतील केसासारख्या बारीक घटकास आम्ही ‘तंतू’ म्हणू व सूक्ष्म सजीव घटकास ‘कोशिका’. प्रत्येक तंतू ही एक लांबच लांब, अनेक केंद्रके असलेली कोशिकाच असते.

तांबडे आणि पांढरे

मांसाचे रंग दोन असतात हे स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोंबडीच्या तंगडीचे मांस काळपट तांबडे, छातीचे पांढरे. कारण ती दिवसभर पायांवर हिंडते आणि पंख क्वचितच, क्षणभर फडफडवते. दिवसभर उडणाऱ्या कबुतराची छाती याउलट गडद तांबडी असते. कोकणातील वाचकांना बांगड्याच्या कुशीतून जाणारा काळसर पट्टा आठवेल. संथपणे अखंड पोहण्याचे काम त्या पट्ट्याकडे असते आणि झेप घेण्याचे काम भोवतीच्या फिकट मांसाकडे. (ज्यांच्या घरी सामिष चालत नाही, त्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवावा.) इटलीतील स्टेफानो लोरेन्झिनी याने १६७८ मध्ये हा रंगभेद नोंदविला. फ्रान्सच्या लुई रान्व्हिए याने १८७३ मध्ये सशाच्या मांसपेशींवर प्रयोग करून दाखविले की, तांबडी पेशी सावकाश आकुंचन पावते व पांढरी त्वरेने. रंगाचा भेद हा कर्माचा भेद ठरला तो येथे.

मानवात असे सबंध तांबडे किंवा सबंध पांढरे मांस आढळत नाही. आपल्या बहुतेक मांसपेशींत दोन्ही तंतू बुद्धिबळाच्या पटासारखे मिसळलेले असतात. प्रमाण तेवढे बदलते. पोटरीच्या खोल थरातील सोलियस ही पेशी उभे राहण्यासाठी तासन्‌तास काम करते आणि तिच्यात बहुतांश तंतू मंदगती असतात. पापणी मिटणाऱ्या पेशीत बहुतांश शीघ्रगती. मांडीच्या पुढील भागात सामान्यतः दोन्ही जवळजवळ निम्मे निम्मे. मात्र व्यक्तीव्यक्तीत फरक मोठा असतो.

गतीचा भेद मायोसिन या प्रथिनामुळे होतो. तंतूच्या आत मायोसिनचे सूक्ष्म हात ॲक्टिनच्या दोरीला धरून ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. प्रत्येक ओढीस एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्च होतो. मंदगती तंतूतील मायोसिन हा खर्च सावकाश करते. त्यामुळे ओढ संथ होते, परंतु तेवढाच ताण धरून ठेवण्यास इंधन थोडे पुरते. हेच मायोसिन आपल्या हृदयाच्या निलयांतही असते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शीघ्रगती तंतूतील मायोसिन घाईने ओढते व घाईने खर्च करते.

जसा खर्च तशी मिळकतीची सोय. मंदगती तंतूभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट असते, आत प्राणवायू साठविणारे मायोग्लोबिन भरपूर (तांबडा रंग त्याचाच) आणि तंतुकणिकाही पुष्कळ. ते स्निग्धांश व शर्करा प्राणवायूच्या साहाय्याने जाळतात व लवकर थकत नाहीत. शीघ्रगती तंतूंची भिस्त साठविलेल्या ग्लायकोजेनवर असते. प्राणवायूची वाट न पाहता ते बल निर्माण करतात. पण साठा ओसरताच गळून पडतात. त्यांच्यातही दोन उपप्रकार आहेत. ‘दोन-अ’ हे शीघ्र असूनही बऱ्यापैकी टिकाऊ, ‘दोन-क्ष’ हे सर्वांत चपळ व सर्वांत लवकर थकणारे. १९७० मध्ये ब्रुक व कैसर यांनी रंजनपद्धतीने केलेल्या वर्गीकरणात ‘दोन-ब’ असा प्रकार होता आणि जुन्या पाठ्यपुस्तकांत तो अजून भेटतो. उंदरांत ते मायोसिन खरोखर असते. मानवाच्या हातापायांत ज्यास ‘दोन-ब’ म्हटले गेले, ते तंतू वस्तुतः ‘दोन-क्ष’ आहेत असे पुढे सिद्ध झाले.

येथे एक मोह आवरावयास हवा. सुश्रुताचार्यांनी पेशींची स्थूल-अणु, ह्रस्व-दीर्घ, स्थिर-मृदु, श्लक्ष्ण-कर्कश अशी विशेषणे दिली आहेत. त्यांतील ‘स्थिर’ म्हणजे मंदगती तंतू व ‘मृदु’ म्हणजे शीघ्रगती, असे समीकरण मांडणारी भाषणे आम्ही ऐकली आहेत. आमच्या मते हा ओढाताणीचा अर्थ आहे. ती विशेषणे डोळ्यांना व बोटांना जाणवणाऱ्या संपूर्ण पेशींची आहेत. शवच्छेदन करून पाहणाऱ्या आचार्यांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी त्यांना सूक्ष्मदर्शक हाती देण्याची गरज नाही.

आज्ञा कोणाची?

तंतू स्वतःहून काही करीत नाही. मेरुरज्जूतील एक प्रेरक चेताकोशिका अनेक तंतूंना शाखा पाठविते आणि ते सर्व तंतू एकाच जातीचे असतात. अमेरिकेतील हेनेमन यांनी १९५७ पासून पुढे दाखविलेला नियम असा की, हालचाल सुरू होताना प्रथम लहान चेताकोशिका जाग्या होतात. त्या मंदगती तंतूंच्या. बलाची मागणी वाढत गेली तरच मोठ्या कोशिका, म्हणजे शीघ्रगती तंतू, कामास लागतात.

आमच्या वारकऱ्याचे कोडे येथे उलगडते. सपाट रस्त्यावर संथपणे चालताना लागणारे बल थोडे असते. ते काम मुख्यत्वे मंदगती तंतूच उरकतात आणि मोठे शीघ्रगती गट बहुतांशी स्वस्थ राहतात. मनुष्य पंढरपूरपर्यंत चालला तरी त्यांची पाळी फारशी येत नाही. जमिनीवरून उठताना, एसटीची उंच पायरी चढताना किंवा ठेच लागल्यावर तोल सावरताना मात्र अल्पावधीत मोठे बल लागते. तेथे शीघ्रगती तंतू नसतील तर मंदगती तंतू कितीही सुदृढ असोत, त्यांची मदत वेळेवर पोहोचत नाही. वृद्ध मनुष्य पडतो तो बहुधा अशा क्षणी.

चेतेचे स्वामित्व किती आहे याविषयी एक विलक्षण प्रयोग १९६० मध्ये बुलर व एक्लिस पितापुत्री यांनी प्रसिद्ध केला. मांजराच्या पायातील मंद पेशीची चेता कापून तेथे शीघ्र पेशीची चेता जोडली, आणि शीघ्र पेशीस मंद पेशीची. काही काळाने मंद पेशी शीघ्र होऊ लागली व शीघ्र पेशी मंद झाली. १९६९ मध्ये सामन्स व व्हर्बोवा यांनी तर चेता न बदलता, केवळ सावकाश व दीर्घकाळ विद्युत्-उत्तेजन देऊन सशाच्या शीघ्र पेशीस मंद केले. तंतूची जात जन्मतः कायमची ठरलेली नसून त्यास मिळणाऱ्या प्रेरणेवरही ती अवलंबून असते. सर्व चेष्टांचा प्रवर्तक वायू मानणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकास हे वाचून आनंद होईल. मात्र त्या प्रयोगास वातसिद्धान्ताचा पुरावा म्हणू नये, एवढेच.

क्षय कोणाचा?

आता चिकित्सकाच्या कामाचा भाग. मांसक्षय म्हणून आपण ज्यास एकच नाव देतो, त्यात भिन्न तंतूंचा क्षय असू शकतो.

वार्धक्यात प्रामुख्याने शीघ्रगती तंतू बारीक होतात. स्वीडनमधील लेक्सेल व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये १५ ते ८३ वयोगटातील ४३ मृत पुरुषांच्या मांडीची एक संपूर्ण पेशी आडवी छेदून तंतू मोजले. विसाव्या वर्षापासून ऐंशीपर्यंत पेशीचा आकार सुमारे ४० टक्क्यांनी घटलेला दिसला. तंतूंची संख्या दोन्ही जातींत कमी झाली होती. शिल्लक राहिलेल्या तंतूंपैकी शीघ्रगतींची जाडी सुमारे एकचतुर्थांशाने उतरली होती, मंदगतींची जवळपास तशीच होती. शिवाय वृद्धपणी काही प्रेरक चेताकोशिका नष्ट होतात आणि अनाथ झालेल्या तंतूंना शेजारची मंदगती चेता दत्तक घेते. या वयोजन्य क्षयास रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सार्कोपेनिया हे नाव दिले.

अंथरुणाला खिळलेल्या, प्लास्टर घातलेल्या किंवा मेरुरज्जूस आघात झालेल्या रुग्णात चित्र वेगळे असते. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सतत राबणारी सोलियससारखी मंद पेशी झपाट्याने वाळते आणि उरलेले तंतू शीघ्रतेकडे झुकतात. असा रुग्ण झटका देऊ शकतो; पण उभा राहून टिकत नाही. थायरॉइडचा स्राव कमी झाल्यास तंतू मंदतेकडे जातात व शीघ्रगती तंतू बारीक होतात. घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाऊल उडते, पण परत येताना रेंगाळते, ही जुनी खूण यामुळेही दिसते. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावातही आघात शीघ्रगती तंतूंवर होतो. डुलत चालणारी, उठताना मांडीवर हात टेकणारी स्त्री ‘कटिगत वात’ समजून बस्ती घेत राहते आणि रक्ततपासणी होतच नाही, असे प्रसंग आपल्या सर्वांच्या व्यवसायात घडलेले आहेत.

आणि मग स्टेरॉइड. या विषयासाठीच खरे तर हा लेख लिहावयास घेतला.

स्टेरॉइड दीर्घकाळ पोटात गेल्यास शीघ्रगती तंतू, त्यांतही ‘दोन-क्ष’, निवडून झिजतात. मांड्या व खांदे दुर्बल होतात, वेदना नसते, मांसाच्या नाशाची सूचना देणारी क्रिएटिन कायनेज ही तपासणी बहुधा प्राकृत येते. त्यामुळे रोग लपून राहतो. आता हेच औषध सांधेदुखीच्या चूर्णात कोणी गुपचूप मिसळले असेल तर काय होते ते पाहा. आठ दिवसांत वेदना जाते, अग्नी वाढल्यासारखा वाटतो, चेहरा भरतो, वजन वाढते. रुग्ण संतुष्ट असतो आणि वैद्यही बृंहण झाले असे समजून समाधान पावतो. चेहऱ्यावर मेद चढत असताना मांड्यांतील मांस मात्र जात असते.

आमच्याकडे एक बाई अशा अवस्थेत आल्या होत्या. हातातील पिशवीत बिननावाच्या पुड्या होत्या. त्या दीड वर्ष चालू होत्या व घेणे थांबवताच दुखणे दुपटीने परतत असे. चेहरा वाटोळा, दंडांवर सहज उमटणारे काळेनिळे डाग, नव्याने वाढलेली रक्तशर्करा आणि न्हाणीघरातील पाटावरून उठण्याची असमर्थता. एवढे एकत्र दिसल्यावर संशयास जागा उरली नाही. तरीही कबूल करावयास हवे की, पहिल्या भेटीत आम्ही त्यांचे वजन वाढल्याचे पाहून ‘प्रकृती सुधारते आहे’ असेच म्हटले होते. मांडीचा घेर आम्ही मोजला नव्हता.

औषधालयचालकांना येथे आमची विनंती आहे. कोणतेही चूर्ण वा गुटी ‘तीन दिवसांत गुण’ या ख्यातीने खपत असेल, गिऱ्हाईक तेच पुन्हापुन्हा मागत असेल आणि वेष्टनावर घटक, गट क्रमांक व निर्मात्याचा पत्ता नसेल, तर ते विकू नये. रुग्ण संशयित पुडी घेऊन आला तर ‘आजच बंद करा’ असेही सांगू नये. अनेक महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने अधिवृक्क ग्रंथींचा स्वतःचा स्राव मंदावलेला असतो आणि औषध एकाएकी तोडल्यास प्राणावर बेतू शकते. पुडी जपून ठेवून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. मात्रा उतरविण्याचे काम तेथील तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्हावे. दमा, संधिशोथ इत्यादींसाठी रीतसर लिहून दिलेले स्टेरॉइड तर आपण परस्पर कधीच थांबवू नये.

परीक्षण

शीघ्रगती तंतूंचे बल जोखण्यास यंत्र लागत नाही. हात नसलेली एक साधी खुर्ची व सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. रुग्णाने हात छातीवर घडी करून पाच वेळा उठावे व बसावे. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरविलेल्या निकषानुसार यास १२ सेकंद वा अधिक लागल्यास बलहानी समजावी. त्याच गटाने हाताच्या पकडीची मर्यादा पुरुषांत २८ व स्त्रियांत १८ किलोग्रॅम ठेवली आणि पोटरीचा घेर पुरुषांत ३४, स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी असल्यास क्षयाचा संशय घ्यावा असे सांगितले. मापपट्टी टेबलावर ठेवलेली असावी. नाडीपरीक्षेनंतर अर्ध्या मिनिटाचे हे काम आहे.

व्यायाम : ग्रंथ आणि अनुभव

उपचारात मुख्य प्रश्न व्यायामाचा आणि येथे आपल्यापैकी अनेकांची अडचण प्रामाणिक आहे. वाग्भटाचार्यांनी वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. मग सत्तरीच्या मनुष्यास बैठका कशा सांगाव्यात? एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांस या मुद्द्यावर चांगलेच फटकारले होते.

आमची भूमिका अशी. सुश्रुताचार्यांच्या मते शरीरास आयास उत्पन्न करणारे कर्म तो व्यायाम, आणि त्याची मर्यादा बलार्ध. श्वास मुखावाटे येऊ लागला की बलार्ध झाले असे समजावे. मर्यादा रुग्णाच्या स्वतःच्या बलावर बांधलेली आहे, पहिलवानाच्या नव्हे. त्याच ठिकाणी व्यायाम करणाऱ्यास जरा एकाएकी गाठत नाही असेही सांगितले आहे. आखाड्यातील जोर-बैठका वृद्धास वर्ज्य, हे मान्यच. उंच खुर्चीवरून आधाराने आठ वेळा उठणे यास त्या निषेधात ओढणे आम्हांस पटत नाही. शिवाय प्रत्यक्षाचे प्रमाण आहे. १९९० मध्ये अमेरिकेत फियातारोने व सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांचे बल सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. गट लहान होता हे खरे. पण त्यानंतर झालेल्या अनेक मोठ्या अभ्यासांनी दिशा तीच दाखविली आहे.

हेनेमन यांचा नियम ध्यानी घेता बलाची मागणी पुरेशी असेल तरच शीघ्रगती तंतू जागे होतात. म्हणून आम्ही असे सांगतो : दिवसाआड, भरल्या पोटी नव्हे, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून आठ ते दहा वेळा उठावे, उठताना त्वरा, बसताना सावकाशी, मध्ये दोन मिनिटे विसावा घेऊन पुन्हा एकदा. सोपे वाटू लागले की आसन थोडे ठेंगणे करावे किंवा हातात पाण्याची भरलेली बाटली धरावी. श्वास रोखू नये. छातीत दुखणे, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा हाडे ठिसूळ असल्याचा संशय असता आधी तज्ज्ञाचे मत घ्यावे. चालणे सोडावयाचे नाही. ते मंदगती तंतूंचे व हृदयाचे पथ्य आहे.

आहारात वृद्धास शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञमंडळे सांगतात. वृक्कविकारात हे लागू नाही. संध्याकाळी पेजेवर भागविणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना ती मिळत नाहीत. मुगाचे वरण, दूध, दही, पचत असल्यास अंडी वा मांसरस यांची योजना अग्नी पाहून करावी.

अश्वगंधेविषयी विचारणा नेहमी होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ५७ तरुण पुरुषांना आठ आठवडे अश्वगंधामुळाचा अर्क किंवा निरौषध गोळी दिली होती. अर्क घेणाऱ्यांचे बल अधिक वाढले. परंतु दोन्ही गट वजनाचा व्यायाम करीत होते आणि वृद्ध त्यात कोणीच नव्हते. तंतूंच्या जातीविषयी तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. आम्ही अश्वगंधा वापरतो, व्यायामाच्या जोडीला. व्यायामाऐवजी ती विकणे म्हणजे पेरणी न करता खत घालणे होय.

ते वारकरी गृहस्थ पुढच्या वैशाखात पुन्हा आले, तेव्हा खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास त्यांना १९ सेकंद लागले. ड जीवनसत्त्व व थायरॉइड प्राकृत होते, कोणती पुडी चालू नव्हती. वर सांगितलेला क्रम त्यांनी निष्ठेने केला. पहिले पंधरा दिवस नातवाचा हात धरून. दहा आठवड्यांनी १३ सेकंद लागले. निकषाच्या आत ते अजून आलेले नाहीत, पण त्या वर्षीच्या वारीत पंगतीतून उठताना आपण जमिनीवर एक हात टेकला, शेजाऱ्याचा खांदा धरला नाही, असे त्यांनी परतल्यावर मुद्दाम येऊन सांगितले.